सॉरॉनची अंगठी सॉरॉनविरुद्धच का वापरली नाही? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली सत्तेची गोष्ट

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चाहत्यांमध्ये दोन प्रश्नांवर हमखास वाद होतो. पहिला, फ्रोडो गरुडाच्या पाठीवर बसून थेट मॉर्डॉरला का गेला नाही? त्यावर भरपूर मीम्स आहेत. दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. सगळ्यात ताकदवान अंगठी चांगल्या लोकांच्या हाती लागली होती. मग तीच वापरून त्यांनी सॉरॉनला का हरवलं नाही? ती नष्ट करण्यासाठी एवढा जिवावर बेतणारा प्रवास कशाला?

हा प्रश्न कादंबरीतही विचारला जातो. विचारणारा आहे बोरोमीर. त्याचं गॉन्डॉर हे राज्य मॉर्डॉरच्या अगदी शेजारी आहे आणि युद्धाची सगळ्यात जास्त झळ त्याच्याच माणसांना बसते आहे. त्यामुळे त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नाही.

अंगठी नेमकी काय करते?

अंगठी घातली की माणूस अदृश्य होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. १९३७ साली आलेल्या 'द हॉबिट'मध्ये तिचं काम एवढंच होतं. गॉलमच्या गुहेत बिल्बोला ती सापडते आणि पुढे संकटातून निसटायला उपयोगी पडते.

या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या खेळात स्वतःहून अंगठी पणाला लावतो. पण पुढचा भाग लिहिताना लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांच्या डोक्यातली अंगठी बदलली. जिने गॉलमला पुरतं पछाडलं आहे, ती वस्तू तो खेळात देऊन टाकेल हे पटण्यासारखं नव्हतं. म्हणून टॉल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहिलं आणि १९५१च्या आवृत्तीत ते छापलं गेलं. आज आपण वाचतो ते हेच.

१९५४-५५मध्ये तीन खंडांत आलेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये अंगठीचं खरं काम कळतं. एल्फ, बुटके आणि माणसं यांच्याकडे मिळून १९ अंगठ्या होत्या. त्या सगळ्यांवर हुकूम चालवण्यासाठी सॉरॉनने ही एक अंगठी घडवली आणि त्यात स्वतःची बरीचशी शक्ती ओतली. म्हणजे दुसऱ्याची इच्छा मोडून आपली लादणं, यासाठीच ती बनलेली आहे. अदृश्य होणं ही त्यातली किरकोळ गोष्ट. तिच्या जोरावर कुणी सॉरॉनला हरवलंच, तर त्याच्या जागी नवा सॉरॉन बसेल.

नकार देणारे कोण?

फ्रोडो सुरुवातीलाच अंगठी गॅन्डाल्फला देऊ करतो. गॅन्डाल्फ घाबरून नाही म्हणतो. दुबळ्यांची कणव आणि भलं करण्याची इच्छा, याच वाटेने अंगठी आपला ताबा घेईल, हे त्याला कळतं. एल्फांची राणी गॅलॅड्रिएलही तिच्या जोरावर आपण काय बनू शकतो हे क्षणभर डोळ्यांसमोर आणते आणि मग नकार देते.

बोरोमीरला आपलं राज्य वाचवायचं असतं. तो फ्रोडोकडून अंगठी हिसकावायला जातो, लगेच पस्तावतो आणि पुढे मेरी आणि पिपिन यांना वाचवताना मरतो. फ्रोडोचा सोबती सॅम हा माळी. त्याच्याकडे अंगठी थोडाच वेळ असते, तरी तेवढ्यात त्याला मॉर्डॉरच्या ओसाड जमिनीची बाग झालेली दिसू लागते. आपल्याला आपली एक छोटी बाग पुरे, हे भान त्याला वाचवतं.

अंगठी प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या चांगल्या इच्छेचंच आमिष दाखवते. म्हणून ती जास्त धोकादायक आहे.

हा प्रश्न किती जुना?

सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये अशीच एक अंगठी येते. लिडिया देशातल्या एका मेंढपाळाला ती सापडते. तिचा खडा आत वळवला की तो अदृश्य होतो. तिच्या जोरावर तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि गादी बळकावतो. ही गोष्ट सांगणाऱ्या ग्लॉकॉनचा सवाल असा, की पकडलं जाण्याची भीतीच नसेल, तर कुणीही माणूस न्यायाने वागेल का?

अंगठी म्हणजे अणुबॉम्ब?

कादंबरी आली तेव्हा दुसरं महायुद्ध संपून दहाच वर्षं झाली होती. अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, असा अर्थ अनेकांनी लावला. टॉल्किन यांना तो मान्य नव्हता. १९६०च्या दशकातल्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं, की ही गोष्ट त्या युद्धाचं रूपक असती, तर अंगठी नक्कीच ताब्यात घेऊन सॉरॉनविरुद्ध वापरली गेली असती. थोडक्यात, खऱ्या जगात बोरोमीरचंच ऐकलं जातं. टॉल्किन स्वतः १९१६मध्ये सोमच्या लढाईत होते आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी जवळचे मित्र गमावले होते.

मग फ्रोडो जिंकला का?

नाही. अग्निपर्वताच्या काठावर पोहोचल्यावर फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो आणि ती आपलीच म्हणून बोटात घालतो. गॉलम त्याचं बोट चावून तोडतो आणि अंगठीसकट आगीत पडतो. पूर्वी बिल्बोने, नंतर फ्रोडोने आणि अगदी शेवटी सॅमनेही गॉलमला जिवंत सोडलेलं असतं, म्हणून हे घडतं.

फ्रोडोवरचं ओझं त्या क्षणी कुणालाही पेलणारं नव्हतं, असं टॉल्किन यांनी पुढे पत्रांमधून समजावलं.

हॅरी पॉटरच्या शेवटच्या पुस्तकात (२००७) एल्डर वाँडचं असंच होतं. सर्वांत ताकदवान छडी हाती आल्यावर हॅरी तिने फक्त आपली मोडलेली छडी दुरुस्त करतो आणि तिला डम्बलडोरच्या थडग्यात परत ठेवायचं ठरवतो. सिनेमात तो ती मोडूनच टाकतो.

बोरोमीरच्या प्रश्नाला कादंबरी दिलेलं उत्तर असं: अंगठी कुणाच्या हातात आहे, यावर भरवसा ठेवता येत नाही. फ्रोडोइतका सज्जन माणूसही शेवटी टिकला नाही. म्हणून ती कुणाच्याच हातात नको.