लेकीचे मधले नाव



स्मरणिकेसाठी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, "माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मी कसला इतिहास लिहिणार?" त्या म्हणाल्या, "घरातलाच एखादा विषय घ्या." घरातलाच म्हटला तर बाईला स्वतःच्या नावाइतका जवळचा विषय दुसरा कोणता? म्हणून तोच घेतला आहे.

आपल्याकडे मुलीचे नाव ठेवायचे म्हणजे केवढा थाट! पत्रिकेतले अक्षर पाहायचे, आजीची हौस, मावशीची हौस, आणि शेवटी बारशाला आत्याने पाळण्यापाशी वाकून कानात नाव सांगायचे. पण हा सारा खल पहिल्या नावाचा. मधल्या नावाबद्दल कोणी कोणाला विचारीत नाही. ते वडिलांचे, हे ठरलेलेच. मुलाला ते जन्मभर पुरते. मुलीला मात्र लग्नापर्यंतच. लग्न लागले की वडिलांचे नाव जाते, पतीचे येते, आडनाव बदलते, आणि पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून पहिले नावही नवे ठेवतात. आणखी एक गंमत पाहा. ज्या पतीचे नाव उखाण्याखेरीज तोंडातून काढायचे नाही अशी पूर्वी रीत होती, तेच नाव आपल्या नावाच्या मधोमध लिहायचे!

ही रीत अनादी काळापासूनची आहे असे मलाही वाटत असे. पण नाशिकच्या पांडवलेण्यांची हकीकत वाचली आणि नवल वाटले. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्या या भूमीवर सातवाहन राजे राज्य करीत. त्यांतला थोर राजा गौतमीपुत्र सातकर्णी. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. बापाच्या नावात त्याची आई, मुलाच्या नावात त्याची आई. राजमाता गौतमी बलश्री हिने तिथले एक मोठे लेणे भिक्षूंना दान दिले आणि आपल्या मुलाचा पराक्रम शिलालेखात कोरवून ठेवला. तो लेख आजही तिथे आहे. गौतमी, वासिष्ठी ही नावे आईच्या गोत्रावरून आलेली, असे जाणकार सांगतात. राज्य बापाकडून मुलाकडेच जाई. तरी नावापुढे आई लावण्यात राजालाही कमीपणा वाटत नव्हता, एवढे खरे.

पुढे ही रीत मागे पडली. पेशवाईत पाहावे तर बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव, अशी मुलाला बापाच्या नावाची जोड. बायका मात्र जिजाबाई, अहिल्याबाई अशा एकेरी नावानेच ओळखल्या गेल्या. त्यांचे कर्तृत्वच एवढे की मधल्या नावावाचून त्यांचे काही अडले नाही. तुमच्याआमच्यासारख्यांचे अडू लागले ते शाळा, कोर्ट, कचेऱ्या आल्यावर. दप्तर आले की पूर्ण नाव हवे!

गेल्या दीडशे वर्षांतल्या आपल्या मोठ्या बायकांची नावे पाहिली तर हा इतिहास स्पष्ट दिसतो. अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. सेवासदनाच्या रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. दोन यमुना लग्नात लोपल्या, आणि जगाला माहीत झाली ती सासरची नावे. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला. त्या आनंदीबाई झाल्या.

पण वेगळ्या वाटेने गेलेल्याही आहेत. १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे माहेरच्याच आडनावाने आज सर्वांना ठाऊक आहेत. रखमाबाईंचे लग्न बालपणी झाले. नांदायला जायला त्यांनी नकार दिला, १८८४ पासून चार वर्षे चाललेला खटला सोसला, तुरुंगाचीही तयारी ठेवली. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. लोकांच्या तोंडी त्या 'डॉक्टर रखमाबाई' एवढ्याच राहिल्या. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आले, ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. लिहिणाऱ्या होत्या बाळूताई खरे, ज्या पुढे लग्नानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या. एका बाईची तीन नावे! त्यांच्या बाबतीत ती तीनही मानाची ठरली. पण सामान्य बाईची दोन नावे झाली की काय होते, ते मी माझ्या अनुभवावरून सांगते.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. रेशनकार्डावर सासरचे नाव, यजमानांचे नाव, सासरचे आडनाव. तीनपैकी एकही शब्द जुळत नाही. वडील वारले, शेतीवर वारसांची नोंद करायची वेळ आली. वडिलांच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९९४ साली कायदा झाला, आणि २००५ साली साऱ्या देशासाठी झाला. भावांनीही माझे नाव आनंदाने सांगितले. पण कचेरीतल्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारले, "ही आणि ती एकच बाई, याला पुरावा काय?" समोर मी उभी होते, भाऊ उभे होते, पण कागदाला डोळे नसतात. प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, राजपत्रातली जाहिरात, यांत सात महिने गेले. नोंद झाली शेवटी. ज्या बाईला असे भाऊ नाहीत, तिचा हिस्सा नावाच्या या घोळात सहज बुडू शकतो. म्हणून नाव ही निव्वळ हौसेची गोष्ट नव्हे.

आता काळ पालटला आहे. ११ मार्च २०२४ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने ठरवले की, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव शाळेचे दाखले, परीक्षेची प्रमाणपत्रे, मालमत्तेचे कागद अशा सरकारी दस्तऐवजांत आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहायचे. विवाहित स्त्रीने पतीचे नाव लावण्याची चाल तशीच ठेवली आहे. म्हणजे मधल्या नावाच्या जागी आई पुन्हा आली! गौतमीपुत्राच्या वेळी ती राजाच्या नावात होती. आता ती मोलमजुरी करणाऱ्या बाईच्या लेकीच्या दाखल्यावरही येईल.

आमच्या घरी गेल्या वर्षी नात झाली, तेव्हा हा विषय निघालाच. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढे लांब नाव पोरगी लिहायची कशी?" मी म्हटले, "आई, नऊ महिने वागवले ते लांब वाटले नाही. चार अक्षरे लांब वाटतात?" त्या हसल्या आणि गप्प राहिल्या.

ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आईचे नाव आता ठरलेले आहे, तेव्हा मुलीचे नाव त्याला शोभेल असे पाहा. दोन्ही नावे जोडून दोनतीनदा मोठ्याने म्हणा. आई लता आणि मुलगी ललिता असली तर लिहिणाऱ्याची गल्लत होणारच. आईचे नाव लांब असेल तर मुलीचे आटोपशीर ठेवा. आईची दोन नावे असतील तर कोणते लावायचे ते आधी ठरवा, आणि सगळ्या कागदांवर तेच, त्याच ऱ्हस्वदीर्घासह लिहा. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करा. नाव ठरले नसेल तर ते वर्षाच्या आत विनाशुल्क भरता येते, तेव्हा घाईने भलतेच लिहून देऊ नका.

आणि मुख्य गोष्ट ही की, जे नाव ठेवाल ते लेकीला जन्मभर वागवायचे आहे अशा बेताने ठेवा. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. ज्या मुलीला बदलायची हौस असेल तिने खुशाल बदलावे. पण ते तिने ठरवावे, तांदळाच्या ताटाने नव्हे.