अरंगेत्रममधला दुष्काळ

न्यू जर्सीत, पार्सिपनी आणि आसपास, भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीचं अरंगेत्रम, म्हणजे तिचा पहिला जाहीर कार्यक्रम, ही घरात लग्नकार्याइतकी धांदल. अलारिपूपासून तिल्लान्यापर्यंतचा त्यातल्या नृत्यांचा क्रम मराठी माणसाला परका नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी भोसल्यांच्या (१७९८–१८३२) आश्रयाला असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या भावांनी तो बसवला. त्या दरबारात मराठीतही नृत्यरचना झाल्या.

हे नृत्य तेव्हा नाचत होत्या देवदासी. १९४७च्या मद्रास कायद्याने मुली देवाला वाहण्यावर बंदी आली, तोवर ‘सदिर’ म्हटलं जाणारं त्यांचं नृत्य ‘भरतनाट्यम’ होऊन उच्चवर्णीय घरांत पोचलं होतं. कलेला मान मिळाला. ती जपणाऱ्या बायकांच्या वाट्याला मात्र तो आला नाही.

या नृत्यालाच जाब विचारला तो नृत्यरचनाकार चंद्रलेखांनी. १९२८ साली महाराष्ट्रात वाडा इथे जन्मलेल्या चंद्रलेखा कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडून मद्रासला गेल्या आणि एल्लप्पा पिल्लैंकडे शिकल्या. १९५२चं त्यांचं अरंगेत्रम रायलसीमाच्या दुष्काळनिधीसाठी होतं. यमुनेच्या पाण्यात खेळणाऱ्या गोपी अभिनयातून दाखवता दाखवता त्यांच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्रांतली भेगाळलेली जमीन आली, आणि त्या क्षणभर थिजल्या. कार्यक्रम पार पडला, निधीही जमला असेल. पण भरल्या नदीचा अभिनय करणारं शरीर आणि पाण्यासाठी रांगेत उभं असलेलं शरीर यांतलं अंतर त्यांना पुढे कधी विसरता आलं नाही. त्यांच्या साऱ्या कामाचा उगम मला इथेच दिसतो.

मधली बरीच वर्षं त्या रंगमंचापासून दूर राहिल्या. स्त्री चळवळीसाठी पोस्टर्स केली. १९८२ मध्ये राजद्रोहाचा खटलाही अंगावर आला. तो पुढे मागे घेतला गेला.

१९८४ मध्ये मुंबईच्या एनसीपीएतल्या पूर्व-पश्चिम नृत्य संमेलनात त्या परतल्या. पुढच्याच वर्षी त्यांची ‘अंगिका’ ही रचना आली. देवादिकांच्या कथा गेल्या, दागिने गेले. भरतनाट्यमशेजारी कळरीपयट्टू ही युद्धकला आणि योग उभे राहिले. ‘श्री’ या रचनेत तर बायका पाठीचा कणा वाकवून रंगमंचावर सरकतात आणि फार सावकाश, अवघड जात असताना, तो सरळ करतात. घोषणा नाही, फलक नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं दडपण मणक्यामणक्यांतून दिसतं, आणि हे धाडस आजही थक्क करतं.

त्यांची अखेरची रचना ‘शरीर’ (२००१): गुंदेचा बंधूंचं धृपद, एक स्त्री, एक पुरुष. तिथे पुरुषाला रिझवण्यासाठी स्त्री नाचत नाही. हालचालीचा वेग तीच ठरवते.