ऊन पाण्याचे झरे आणि शरभंगाची कथा

श्रोतेहो, अकोले तालुक्यातला हरिश्चंद्रगड चढून गेलेल्या मंडळींना केदारेश्वराचे लेणे ठाऊक आहे. पिंडीभोवती कमरेइतके पाणी, आणि ते इतके गार की पाय टाकताच अंगावर काटा यावा! पण देवाच्या दारचे पाणी सगळीकडेच गार नसते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तरेला, खानदेशात, अडावदजवळ सातपुड्याच्या कुशीत उनपदेव आहे. तिथे गोमुखातून ऊन पाणी पडते. तिकडे नांदेड जिल्ह्यात, किनवटकडे, उनकेश्वरला ऊन पाण्याची कुंडे आहेत.

नवल असे, की इतक्या दूरदूरच्या या दोन्ही ठिकाणी कथा मात्र एकच सांगतात. शरभंग ऋषींना कातडीचा दुर्धर रोग जडला. वनवासी रामाने जमिनीत बाण मारला, ऊन पाणी उसळले आणि त्यात स्नान करून ऋषी बरे झाले.

आता वाल्मीकींचे अरण्यकांड उघडून पाहा. तिथे शरभंग आहेत. पण रोग नाही, झराही नाही. रामाचे दर्शन झाल्यावर ते अग्निप्रवेश करतात. मग लोककथेत हा रोग आला कुठून? मला वाटते, तो कुंडावर येणाऱ्या माणसांनी आणला. अंगावर चट्टे उठले की गाव त्या माणसाला पाणवठ्यापासून दूर ठेवी. आडरानातला झरा त्याला नाही म्हणत नसे. आपला रोग एका ऋषीलाही झाला होता, आणि त्याच्यासाठी खुद्द रामाने पाणी काढले, या कथेचा त्याला केवढा आधार वाटला असेल!

कथेतला बाणही अगदी पोकळ नव्हे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते. जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. त्याला ज्वालामुखी लागत नाही. आपल्या दख्खनचा लाव्हा तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवालेला.

ऊन पाण्याने शिणलेले अंग मोकळे होते, हे खरे. पण कुष्ठरोग स्नानाने जात नाही. त्यावर बहुविध औषधोपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली त्याची शिफारस केली, आणि सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. तेव्हा शिक्षकबंधूंनो, मुलांना ही कथा जरूर सांगा. मात्र कुणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर त्याला आधी आरोग्य केंद्रात न्या, आणि पाणवठ्यावरून उठवू नका. उनपदेव मग सावकाश पाहता येईल.