बागचा चुनखडक : एक जुने दप्तर

हाटपिपल्याला विहीर खणली की काळ्या मातीखाली काळा फत्तर लागतो. त्यामुळे माळवा म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा मुलूख, ही आपली समजूत. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. विंध्य उतरून धार जिल्ह्यातील बाग-मनावरकडे गेले, की या फत्तराखालचे थर उघडे पडलेले दिसतात. आणि त्यांतले काही समुद्राचे आहेत.

१८८४ साली प्रमथनाथ बोस यांनी नेमावरपासून कवांटपर्यंतच्या नर्मदाखोऱ्याचा भूवैज्ञानिक अहवाल प्रसिद्ध केला. (जमशेटजी टाटांना १९०४ साली मयूरभंजच्या लोहखनिजाविषयी कळविणारे ते हेच.) बाग तेव्हा शिंदे सरकारच्या अमलात होते. तळाशी निमाडचा वालुकाश्म, ज्यात बागची लेणी कोरली आहेत. त्यावर गाठाळ चुनखडक. आणि सर्वांत वर 'प्रवाळी' चुनखडक. हे नाव मात्र फसवे ठरले. त्यात प्रवाळ नव्हे, तर वसाहती करून राहणाऱ्या अतिसूक्ष्म सागरी प्राण्यांचेच अवशेष मुख्यत्वे आहेत.

सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा या खोऱ्यात शिरला. त्यातील जीव पाण्यातला चुना घेऊन कवचे घडवीत. ते मेले की कवचे तळाशी साचत आणि वरच्या भाराने दबून, विरघळलेल्या चुन्याने सांधली जाऊन त्यांचा दगड होई. गाठाळ चुनखडकात अमोनाइट या लुप्त प्राण्याची चक्राकार कवचे सापडतात. आपल्या देवघरातील शाळिग्रामावरचे चक्र म्हणजे त्याच कुळातील जीवाचा ठसा. तो गंडकीकाठचा, हा नर्मदाकाठचा.

समुद्र हटल्यावर तळ्याकाठी, दलदलीत आणखी एक चुनखडक तयार झाला; त्याला लामेटा म्हणतात. त्यात महाकाय डायनासोरांनी अंडी घातली. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात धार जिल्ह्यातील अशी ९२ घरटी व २५६ अंडी नोंदली आहेत. त्याच वर्षाअखेरीस बातमी आली, की पाडल्या गावी लोक ज्या गोल दगडांना काकरभैरव, म्हणजे शेताचा राखणदार, मानून पुजत आले, तीही डायनासोरांची अंडीच. शाळिग्राम पुजणाऱ्या आपल्या घरांनी त्यावर हसू नये.

सरकारी दौऱ्यांत त्या बाजूला मी कितीदा गेलो! रस्त्याकडेच्या त्या दगडाची आमच्या कागदांत नोंद असे ती 'गौण खनिज' एवढीच. घरच्या मोडी कागदांना वाळवी लागू नये म्हणून आम्ही जपत होतो, आणि हे दप्तर भट्टीत जाऊन चुना होत होते.

लामेटाच्या थरावर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, लाव्हा पसरला. आपल्या विहिरीत लागतो तो हाच.