तबकडीवरील दोन नावे



कडकलक्ष्मीचे जोडपे आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी दारात पाहिले असेल. बाईच्या डोक्यावर देवीचा देव्हारा आणि हातात ढोलके. पुढे अंगावर कोरडा ओढणारा तिचा नवरा. खेळ दोघांचा. सुपातले जोंधळे पडतात ते एकाच झोळीत, आणि त्यात ढोलक्याचे किती व कोरड्याचे किती, हा हिशेब त्या दोघांनी कधी मांडला असेल असे आम्हाला वाटत नाही. तो मांडण्याची पाळी येते ती कला बाजारात जाऊन कागदावर चढली म्हणजे. आज ज्या जोडप्याची हकीकत सांगण्याचे योजले आहे ते दूर अमेरिकेतले, मिसिसिपी नदीच्या काठचे. परंतु झोळीचा हिशेब त्यांच्या वाट्याला आला, आणि तो अजूनही पुरता मिटलेला नाही.

बाईचे जन्मनाव लिझी डग्लस. जन्म ३ जून १८९७. तेरा भावंडांत ती थोरली. आपण लुइझियानातील अल्जिअर्सच्या, असे ती स्वतः सांगे. शिरगणतीची दप्तरे मात्र तिला मिसिसिपीची ठरवितात. ती सात वर्षांची असताना घर मेंफिस शहराच्या दक्षिणेस वॉल्स नावाच्या खेड्यात आले. त्या मुलखात कृष्णवर्णीय कुटुंबे गोऱ्या जमीनदाराची कापसाची जमीन अर्धेलीने करीत, आणि वर्षअखेरीस हिशेबाची वही उघडली की बाकी नेहमी कुळाच्याच अंगावर निघे. लिझीला घरी सारे ‘किड’ म्हणत. तिला शेतकामाची मनापासून नावड. एका नाताळात तिला गिटार मिळाली, आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास ती घरातून पळाली ती थेट मेंफिसच्या बील स्ट्रीटवर. ही गल्ली म्हणजे दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे, नाटकगृहे आणि रस्त्यावरचे वादक यांची एकच गर्दी. पैसे संपले की घरी परतायचे, अंगात बळ आले की पुन्हा पळायचे, असा तिचा क्रम होता. मध्ये काही वर्षे ती रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीबरोबरही हिंडली. बाईने गावे ही गोष्ट त्या काळी मान्य झालेली होती. मॅमी स्मिथच्या १९२०च्या तबकडीने तर कृष्णवर्णीय गायिकांसाठी बाजारपेठच उघडली होती. परंतु त्या गायिका भरजरी पोशाख करून रंगमंचावर उभ्या राहात, आणि मागे पुरुष वाजवीत. स्वतः गिटार मांडीवर घेऊन पुरुषांच्या बरोबरीने रस्त्यावर बसणारी बाई विरळा.

तेथेच तिला ज्यो मॅकॉय भेटला. खरे नाव विल्बर. मिसिसिपीतील रेमंड गावचा, तिच्याहून आठ वर्षांनी लहान, भरदार आवाजाचा. दोघांचा संसार जमला आणि वादनही जमले. एका न्हाव्याच्या दुकानासमोर चिल्लर नाण्यांसाठी ही दोघे वाजवीत असताना कोलंबिया कंपनीच्या, कलावंत हुडकून आणणाऱ्या माणसाने त्यांना ऐकले, असे सांगतात. १९२९च्या जूनमध्ये ती न्यूयॉर्कला गेली. तेथे कंपनीने त्यांना नवी नावे दिली: ‘कॅन्सस ज्यो आणि मेंफिस मिनी’. ज्यो हा कॅन्ससचा नव्हता, आणि लिझीला आजवर कोणी मिनी म्हटलेले नव्हते. आपल्याकडे लग्नात नवऱ्या मुलीचे नाव बदलण्याची चाल आहे. येथे कंपनीने एकाच बैठकीत नवरा आणि नवरी दोघांचेही बारसे उरकले.

त्या मुक्कामात मुद्रित झालेल्या गाण्यांपैकी एकाने पुढे जग पालथे घातले. १८ जून १९२९ रोजी ध्वनिमुद्रित झालेले ते ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, म्हणजे बांध फुटेल तेव्हा. हा बांध कोणता, हे समजल्यावाचून गाणे समजत नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो.

मिसिसिपीच्या दोन्ही काठांना मैलोगणती मातीचे उंच बांध घातलेले आहेत. १९२७च्या वसंतात महिनोन्‌महिने पाऊस लागून राहिला होता. बांध उंचावण्यासाठी कृष्णवर्णीय मजुरांना रात्रंदिवस वाळूची पोती वाहावयास लावीत, आणि कित्येक ठिकाणी त्यांच्यावर बंदुकांचा पहारा असे. २१ एप्रिलला ग्रीनव्हिल गावाच्या उत्तरेस माउंड्स लँडिंगला बांध फुटला. त्या वर्षीच्या पुराने एकंदर सुमारे २७ हजार चौरस मैल मुलूख पाण्याखाली गेला, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. सहा लाखांवर माणसे घरादाराला मुकली. ग्रीनव्हिलला सुमारे तेरा हजार लोक, बहुतेक सारे कृष्णवर्णीय, उरलेल्या बांधाच्या माथ्यावर राहुट्यांत जाऊन राहिले. त्यांना न्यावयास आगबोटी आल्या होत्या. परंतु कुळे एकदा गेली की परत येणार नाहीत, मग कापूस कोण वेचणार, ह्या धास्तीने जमीनदारांनी त्यांना जाऊ दिले नाही. गोऱ्या बायका-मुलांना मात्र बोटी मिळाल्या. अन्नाचा शिधा हवा तर अंगावर बिल्ला लावून कामावर हजर राहावे लागे. त्यानंतर सवड सापडताच हजारो कुटुंबांनी उत्तरेकडची, शिकागोची वाट धरली.

मिनीच्या माहेरची माणसे वॉल्सला ह्याच मुलखात होती, आणि त्या दिवसांत ती त्यांच्याकडेच होती असे तिच्या भावजयीने पुढे सांगितले आहे. गाणे आले ते दोन वर्षांनी. त्यात जमीनदार नाही, बंदूक नाही, बिल्ला नाही. बांधावर राबलेला, घरच्यांपासून तुटलेला, घर सोडून निघालेला एक माणूस आहे, इतकेच. तबकडी विकणाऱ्या कंपनीला ज्या गोष्टी खपल्या नसत्या त्या गाळल्या, असे कोणी म्हणेल. आम्हाला वाटते, ज्यांच्यासाठी ते गाणे होते त्यांना त्या गोष्टी सांगण्याची गरजच नव्हती.

आता वादनाकडे वळू. ब्लूजचे कडवे तीन ओळींचे. पहिली ओळ म्हणावयाची, तीच दुसऱ्यांदा म्हणावयाची, आणि तिसरीत तिला उत्तर द्यावयाचे. जात्यावर बसलेली बाई ओवीचा चरण घोळवून पुढचा चरण मनात जुळविते, त्यातलाच हा प्रकार. परंतु प्रत्येक ओळीनंतर गळा थांबतो आणि मोकळी जागा राहते. ती वाद्याने भरावयाची असते. एकटा गाणारा आपणच गातो आणि आपणच भरतो. ह्या गाण्यात गळा ज्योचा आहे, आणि खालच्या तारांवर ठेका धरून राहिलेली एक गिटारही त्याचीच. ओळ संपली की वरच्या तारांवरून बोटांनी खुडल्यासारखे जे स्वर झरझर उतरतात ते मिनीचे. बोलणे त्याचे, विसावा तिचा. आम्ही कॉलेजात असताना ही तबकडी प्रथम ऐकली तेव्हा ती अवघड गिटार पुरुषाची आणि साधा ठेका बाईचा, असे आम्ही बिनदिक्कत गृहीत धरले होते. पुढे वाचनात खरा प्रकार आला, तेव्हा आमचे आम्हालाच ओशाळे वाटले.

पहिल्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना ज्योच गातो. मिनीने गायिलेले ‘बंबल बी’ कंपनीने मागे ठेवले. बंबल बी म्हणजे भुंगा; तो कोण, हे लावणीच्या रसिकाला सांगावयास नको. फेब्रुवारी १९३० मध्ये व्होकॅलियन कंपनीने मेंफिसमध्ये तिच्याकडून तेच गाणे पुन्हा गाऊन घेतले, आणि ते तुफान खपले. येथून तराजू फिरला. जोडपे शिकागोला गेले. दोघांची खरी मौज ऐकावयाची असेल तर त्या काळचे सवाल-जवाब ऐकावेत. ‘कॅन आय डू इट फॉर यू’ ह्या दोन भागांच्या गाण्यात नवरा एकेक वस्तू देऊ करतो आणि बायको एकेक नाकारते. त्यात दोघांनाही आपल्याला कोणी ऐकत आहे याचे भानच नाही असे वाटते, आणि तेच कसब आहे.

ह्या सुमारास अमेरिकेत मंदीने हाहाकार उडाला होता. १९२७ साली त्या देशात दहा कोटींवर तबकड्या खपल्या होत्या. १९३२ साली साठ लाख. कित्येक गवई परत शेतावर गेले. मिनीचे ध्वनिमुद्रण मात्र चालू राहिले, आणि पुढे पुढे नुसत्या तिच्या नावाने तबकड्या निघू लागल्या. बिग बिल ब्रून्झी हा शिकागोचा मोठा गिटारवादक. १९३३ मध्ये मिनीशी आपला सामना झाला आणि आपण हरलो, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेविले आहे. पंचांनी तिला खांद्यावर उचलले तेवढ्यात बक्षिसाची व्हिस्की घेऊन आपण पळालो, अशीही पुस्ती त्याने जोडली आहे. बिलाला हकीकत खुलवून सांगण्याची सवय होती. तरीही पुरुषाने आपल्या हरण्याची कथा खुलवून सांगावी, यात तिच्या हाताची कीर्ती दिसतेच.

१९३४ साली दोघांनी शेवटच्या तबकड्या केल्या, आणि मग ती वेगळी झाली. बायकोचे वाढते नाव ज्योला सोसवेना, असे कारण सर्वत्र सांगितले जाते. असेलही. पण ही कारणे बहुधा जिची कीर्ती उरली तिच्या बाजूच्या लोकांनी सांगितलेली असतात, म्हणून आम्ही ज्योकरिता चार शब्द बोलतो. तो काही बायकोच्या पुण्याईवर जगणारा नव्हता. १९३६ पासून त्याने ‘हार्लेम हॅमफॅट्स’ नावाचा ताफा शिकागोत गाजविला. त्याने बांधलेले एक गाणे शब्द बदलून ‘व्हाय डोन्ट यू डू राइट’ ह्या रूपाने लिल ग्रीनने १९४१ साली गायिले, आणि १९४२ साली बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर पेगी लीने ते गाऊन घरोघर पोहोचविले. ज्यो वारला २८ जानेवारी १९५० रोजी, पंचेचाळिशीही न गाठता.

मिनीने दुसरा सोबती पाहिला तोही गिटारवालाच. अर्नेस्ट लॉलर्स, तबकडीवरचे नाव ‘लिटल सन ज्यो’. म्हणजे एक ज्यो गेला आणि दुसरा ज्यो आला. १९३९ पासून तो तिच्या मागे ठेका धरून बसला तो अखेरपर्यंत. २१ मे १९४१ रोजी तिने ‘मी अँड माय शोफर ब्लूज’ गायिले, ते तिचे सर्वांत लोकप्रिय गाणे. बाई गाते, बाई वाजविते, गाण्यातली गाडीही बाईची. पण रचनाकार म्हणून नाव लागले नवऱ्याचे.

३१ डिसेंबर १९४२च्या रात्री लँग्स्टन ह्यूज ह्या कवीने तिला शिकागोच्या एका गुत्त्यात पाहिले, आणि जानेवारीत ‘शिकागो डिफेंडर’ पत्रात त्यावर लिहिले. बर्फाच्या पेटीवर उंच बसून ती विजेची गिटार वाजवीत होती, आणि त्या आवाजाने सारी खोली हादरत होती. ह्यूजची नजर कवीची, तशीच हिशेबनिसाचीही. गल्ल्यावरची माणसे ऐकणाऱ्यांच्या वर्णाची दिसत नव्हती, ती हसत नव्हती आणि पैसे मात्र गोळा करीत होती, हे त्याने टिपले आहे.

गल्ल्याचा हा प्रकार गुत्त्यापुरता नव्हता. शिकागोत बहुतेक ब्लूज गायकांची ध्वनिमुद्रणे लेस्टर मेलरोझ नावाच्या एका निर्मात्याच्या हातून होत, आणि गाण्यांचे स्वामित्वहक्क त्याच्याकडे जात. १९६६ साली ‘जेफरसन एअरप्लेन’ ह्या तरुणांच्या ताफ्याने ‘शोफर’ आपल्या पहिल्या संचात घेतले, तेव्हा रचनाकार म्हणून नाव छापले गेले ते ह्या मेलरोझचे. बायकोचे गाणे नवऱ्याच्या नावावर आणि नवऱ्याचे निर्मात्याच्या नावावर.

बांधाच्या गाण्याचे नेमके उलटे झाले. १९७१ साली ‘लेड झेपलिन’ ह्या इंग्रज ताफ्याने ते आपल्या चौथ्या संचात घेतले. त्यांनी ताल आणि साज बदलला. शब्द मुख्यतः तेच ठेवले. रचनाकारांत ताफ्यातील चौघांच्या जोडीला पाचवे नाव घातले: मेंफिस मिनी. ज्याने ते १९२९ साली गायिले होते त्या ज्योचे नाव नाही. तबकडीवर दोन नावे होती, त्यांतले एक वाटेत गळाले. कोणी खोडसाळपणा केला असे आम्हाला वाटत नाही. तोवर मिनी प्रसिद्ध होती आणि ज्यो विस्मरणात गेला होता. ज्या बाईच्या वाट्याचे श्रेय पुरुषांनी घेतले, तिच्या पदरात एकदा पुरुषाच्या वाट्याचेही पडले. परंतु पैसा? तो संच लाखोंनी खपत होता तेव्हा ती मेंफिसच्या एका शुश्रूषागृहात पडून होती. प्रकृती ढासळल्यामुळे नवरा-बायको पन्नाशीच्या दशकातच मेंफिसला परत आली होती. १९६० साली तिला पक्षाघाताचा झटका आला, पुढच्याच वर्षी लॉलर्स वारला. सरकारी निवृत्तिवेतनात भागेना. संगीताच्या मासिकांनी तिची अवस्था छापली तेव्हा वाचकांनी थोडेफार पैसे पाठविले. दोनशेवर गाणी मुद्रित करणारा तो हात आता गिटार धरू शकत नव्हता. ६ ऑगस्ट १९७३ रोजी ती गेली.

वॉल्सच्या न्यू होप चर्चच्या दफनभूमीत तिला पुरले. तेवीस वर्षे त्या जागेवर खूणही नव्हती. ऑक्टोबर १९९६ मध्ये गायिका बॉनी रेट हिच्या पैशाने तेथे शिळा बसविण्यात आली. तिच्यावर बापाचे आडनाव डग्लस आहे, शेवटच्या नवऱ्याचे लॉलर्स आहे, घरचे ‘किड’ आहे, आणि कंपनीने एका बैठकीत दिलेले मेंफिस मिनीही आहे. कॅन्सस ज्यो तेथून पाचशे मैल उत्तरेला, शिकागोजवळच्या रेस्टव्हेल दफनभूमीत आहे. न्यूयॉर्कच्या त्या तबकडीवर मात्र तो ओळ संपवून थांबतो, आणि पुढची जागा अजून तीच भरते.