तंबू कुठून आले?

आपल्या पिढीतल्या भंडाऱ्याच्या मुलांनी तंबू दोन ठिकाणी पाहिले. एक शाळेच्या स्काउट पथकाचा आणि दुसरा चर्चच्या तरुण संघाचा. पहिल्यात सगळेच जात. दुसऱ्यात मिशन कंपाउंडातले आपले वर्गमित्र जात. शनिवारची सकाळची शाळा सुटली की निघत आणि सोमवारी अंगाला चुलीच्या धुराचा वास घेऊन वर्गात येत. "तिकडे नेऊन काय शिकवतात कोणास ठाऊक," असं बाकीच्या घरांत बोललं जाई. ही दोन शिबिरं एकाच घराण्यातली आहेत, हे त्या घरांना ठाऊक नव्हतं आणि शाळेनेही कधी सांगितलं नाही.

आपल्या भागातला मिशनचा तंबू नागपूरहून आला. स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाद्री 1845 मध्ये भोसल्यांच्या नागपुरात उतरले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. पावसाळा सरून वाटा वाळल्या की ते खेड्यापाड्यांत दौऱ्यावर निघत. उपदेश करत, तसे दगडही गोळा करत. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसरातल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला. तो लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला आणि हिस्लॉपाइट हे नाव एका खनिजाला मिळालं. गोंडांची भाषा, गाणी आणि चालीरीती यांवरची त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केली. ती पाहायला हिस्लॉप नव्हते. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना, रात्री पूर आलेल्या नाल्यात ते घोड्यासह गेले. वय अवघं 45. 1883 मध्ये त्यांच्या शाळेतून हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं. भंडाऱ्यात ठाणं मांडून दवाखाना चालवणारं मिशनही तेच.

त्याच 1883 साली, त्याच फ्री चर्चच्या ग्लासगोतल्या एका मिशन हॉलमध्ये विल्यम स्मिथ नावाच्या रविवार शाळेच्या शिक्षकाने 'बॉइज ब्रिगेड' सुरू केली. गल्लीतली पोरं धड्यांना कंटाळून दंगा करत, म्हणून त्याने त्यांना कवायत दिली. 1886 मध्ये तो त्यांना समुद्रकाठी शिबिराला घेऊन गेला. पहिल्या वर्षी पोरं तंबूत नाही, गावातल्या एका सभागृहात झोपली. पुढे बेडन-पॉवेल या ब्रिगेडचे उपाध्यक्ष झाले आणि 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी जी वीसेक मुलं नेली, त्यांत काही बड्या घरची होती, तर काही बॉइज ब्रिगेडची. स्काउट चळवळ तिथून निघाली. हिंदुस्थानात ती आधी गोऱ्या मुलांपुरतीच होती. अॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी आपल्या मुलांसाठी वेगळी पथकं काढली आणि स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, सगळे एका संघटनेत आले. आपल्या गळ्यातला स्कार्फ हा असा चर्चच्या हॉलमधून निघून, बेटावरून फिरून शाळेच्या पटांगणात पोचला होता.

अर्थात सगळंच स्कॉटलंडहून आलं असं मी मुळीच म्हणणार नाही. गायमुखच्या महाशिवरात्रीला बैलगाड्या सोडून, झाडाखाली तीन दगडांची चूल मांडणारा माणूस कुणाकडून शिबिर शिकला नव्हता. तरुण संघाच्या शिबिरातही गोवऱ्यांच्या आरावर पानगे भाजत आणि वांग्याची भाजी होई. रात्री शेकोटीभोवती ना. वा. टिळकांची भजनं म्हणत. ती अभंगाच्या वळणाची, त्यामुळे आमच्यासारख्यांनाही टाळ धरता येई. (टिळकांना बायबल मिळालं ते नागपूर–राजनांदगाव गाडीत. ती गाडी आपल्या वरठी स्टेशनावरूनच जाते.) 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, निरनिराळ्या मिशनांची मंडळं एकत्र आली. शिबिराच्या चुलीवर मात्र तेच पानगे राहिले.

जागा मात्र गेल्या. 1988 मध्ये गोसेखुर्दची पायाभरणी झाली. पुढे धरणाचं पाणी मागे सरकत कारध्यापर्यंत आलं आणि वैनगंगेची वाळू बुडाली. नागझिरा 1999 मध्ये गोंदिया जिल्ह्यात गेलं, 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं आणि त्याच वर्षी कोका अभयारण्य जाहीर झालं. वाघांसाठी हे बरंच झालं, यात वाद नाही. पण तिथे आता मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही.

हे सारं लिहायचं कारण असं : या संमेलनानंतर आपल्या मुलानातवंडांसाठी दोन रात्रींचं शिबिर घ्यावं, असं ठरतं आहे. तरुण संघ चालवणाऱ्या आपल्या वर्गमित्रांनी तंबू, भांडी आणि अनुभव देऊ केला आहे. दोन-तीन घरांतून जुनाच प्रश्न नव्या आवाजात आला : "त्यांच्याकडून कशाला?" त्या घरांनी आपापल्या पेटीतला स्काउटचा स्कार्फ एकदा काढून पाहावा. मुक्कामाला एखाद्या मामा तलावाची पाळ चालेल. धिवर मंडळींना आधी विचारू. पाऊस आलाच तर जवळच्या शाळेच्या सभागृहात झोपू, ग्लासगोच्या पोरांसारखे. पानग्यांचं पीठ कोण आणणार, तेवढं कळवा.