उच्च शिवणकाम

‘ओत कुत्यूर’ या फ्रेंच शब्दाचा सरळ मराठी अर्थ ‘उच्च शिवणकाम’. हे कळल्यावर सौ. म्हणाली, “म्हणजे आपले टेलरमास्तर करतात तेच की!” आमचे टेलरमास्तर बल्लारपुरात एका किराणा दुकानाच्या माडीवर बसतात. शिवण उच्च व्हायला माडीपेक्षा जास्त उंची लागते, हे तिला पटवण्यासाठी मी सव्वातीनशे वर्षांचा इतिहास खर्ची घातला. पण इतिहास तिच्याच बाजूचा निघाला.

त्याचं असं झालं. 2023 च्या उन्हाळ्यात मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात, नव्यानेच उघडलेल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरने ‘इंडिया इन फॅशन’ नावाचं प्रदर्शन भरवलं होतं. मांडणारे हॅमिश बोल्स नावाचे फॅशनवर लिहिणारे इंग्रज गृहस्थ. आम्ही लग्नाला म्हणून मुंबईत होतो. दिवाळी अंकांत दोन लेख छापून आल्यापासून मी स्वतःला कलावंतांत धरतो (बँकेत अजून कारकुनांतच धरतात), तेव्हा जाणं भाग होतं. शंभरावर पोशाख पुतळ्यांवर चढवलेले. मी मान तिरपी करून बघत होतो. कलेकडे मान सरळ ठेवून बघत नाहीत, एवढं मला ठाऊक आहे. सौ. मात्र प्रत्येक पोशाखापाशी एकच प्रश्न विचारी, “हे धुवायचं कसं?”

आता इतिहास. आपल्याकडच्या छापील सुती कापडाने, म्हणजे छिटाने, फ्रान्सच्या बायांना असं वेड लावलं की तिथल्या विणकरांचा धंदा बसायची पाळी आली. 1686 साली सरकारने छिटावर बंदीच घातली. ती 1759 पर्यंत टिकली. टिकली ती कागदावर. बाया छीट नेसतच होत्या. पुढे 1783 साली राणी मारी आंत्वानेतचं साध्या पांढऱ्या मलमलीतलं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं आणि गहजब झाला. राणीने म्हणे आतले कपडे घालून चित्र काढून घेतलं! चित्र उतरवावं लागलं, मलमल मात्र अंगावर चढतच गेली.

इथवर कापडाला नाव होतं, शिवणाऱ्याला नव्हतं. ते मिळवलं चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या माणसाने. हा जन्माने इंग्रज, उमेदवारी लंडनच्या कापडदुकानांत केलेली, म्हणजे काउंटरमागचा माणूस, आमच्याच बिरादरीतला. 1858 साली त्याने पॅरिसला भागीदारीत दुकान थाटलं. तोवर शिवणारी बाई कापड घ्यायला गिऱ्हाइणीच्या घरी जायची आणि सांगितलं तसं शिवून द्यायची. वर्थने गिऱ्हाइणींना आपल्या दारी आणलं आणि काय घालायचं ते स्वतः ठरवू लागला. सम्राज्ञी युजेनीसुद्धा त्याचं ऐके. स्वारी चित्रकारासारखी मखमली टोपी घालून फोटो काढून घेई. पण खरी करामत पुढेच आहे. त्याने आपल्या नावाची पट्टी पोशाखाच्या कमरेला आतून शिवली. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे हे मला चटकन कळलं. ताळेबंदात ज्याला आम्ही गुडविल म्हणतो, ते या गड्याने सुईदोऱ्याने टाचलं!

1945 पासून फ्रान्समध्ये ‘ओत कुत्यूर’ हे नाव कायद्याने राखीव आहे. अटी काय, तर एकेका गिऱ्हाइकाचं माप घेऊन शिवायचं, मध्ये ट्रायल द्यायची आणि कारखाना पॅरिसमध्ये हवा. शेवटची सोडली तर आमचे टेलरमास्तर सगळ्या अटी पुऱ्या करतात. त्यांच्याकडे ट्रायलला तीन खेपा होतातच. त्यातल्या दोन खेपांना कापड कापलेलंच नसतं, ही गोष्ट वेगळी.

पण ती पट्टी माझ्या डोक्यातून जाईना. पॅरिसच्या घराण्यांचं पुष्कळसं भरतकाम गेली कित्येक दशकं आपल्या मुंबईत होतं. लाकडी चौकटीवर कापड ताणून कारागीर चारी बाजूंनी वाकून बसतात आणि आरीने एकेक मणी ओवतात. पोशाख विमानाने जातो आणि पट्टी तिकडे लागते. 30 मार्च 2023 ला दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर आपला सोहळा केला तेव्हा चाणक्य या मुंबईच्या संस्थेचं नाव जगाने घेतलं, कमानीवर तिच्या कारागिरांनी भरलेलं भलंमोठं तोरण लागलं. संस्थेचं नाव झालं, हे चांगलंच झालं. पण तोरणातला अमुक मोर अमक्याने भरला, हे कोण सांगणार? मलमल विणणाऱ्याचं नाव तरी कुठे उरलंय? उरलं ते ती नेसणारीचं.

आमच्या मुलखाचंही तेच. चंद्रपूरच्या सागवानाला ‘सीपी टीक’ म्हणून बाजारात नाव आहे. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवणारा, दिवसभर पाखरं राखत बसणारा ढिवर कोणाला माहीत? साडी दुकानात येते तेव्हा पट्टी दुकानाची असते. मी रोज ढीगभर व्हाउचरांवर सही करतो, तीही अर्धी. त्यामुळे या बाबतीत माझा जीव जरा जास्तच तुटतो.

परत आल्यावर पँटचं कापड घेऊन माडीवर गेलो आणि टेलरमास्तरांना वर्थची सगळी कथा ऐकवली. म्हटलं, “मास्तर, तुम्हीही नावाची पट्टी लावा.”

“लावत होतो जी,” ते टेप गळ्यातून काढत म्हणाले, “पण लोकायले ते मानेले टोचते. मांग वापस आणते अन् म्हणते, मास्तर, थे लेबल तेवढं कापून द्या. आता पोट आत नोका घेऊ साहेब, मंग पँट होत नाही.”